व्हॉल्व्ह नसलेली कंट्रोल रूम

आमच्या भिलाईत एखादा माणूस रात्री अडीच वाजता मोबाइलवर आकडे बघताना सापडला, तर घरच्यांच्या मनात दोनच शंका येतात. शेअर बाजार किंवा सट्टा. शेअर बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो. म्हणजे उरला सट्टा.

बायको पाणी प्यायला उठली होती. मी बैठकीत दिवाणावर, मांडीवर लॅपटॉप, हातात मोबाइल, शेजारी उघडं रजिस्टर, कानावर पेन्सिल. दिवा बंद. चेहऱ्यावर पडद्याचा निळा उजेड. ती दारातच थांबली.

"अहो, खरं सांगा. किती गेले?"

"चार."

"चार हजार?"

"चार पॉइंट."

या उत्तराने तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट ती मटकन खुर्चीत बसली. सट्टेवाल्यांच्या भाषेत लाखाला पॉइंट म्हणत असावेत, असा तिचा समज झाला.

तिचं तरी काय चुकलं? 'महादेव बुक' नावाच्या ऑनलाइन सट्ट्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा तपासाचे धागे थेट आमच्या गावापर्यंत आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने २२ बेकायदा सट्टा अ‍ॅपांवर बंदी घातली, त्या यादीत हे नाव होतं. तोवर भिलाई म्हटलं की लोकांना पोलाद आठवायचं. रेल्वेत शेजारचा प्रवासी "अच्छा, पटरीवाले!" म्हणत सरकून जागा द्यायचा, कारण गाडी ज्या रुळांवरून धावत असायची ते बहुधा आमच्याच कारखान्यातून निघालेले असायचे. आता तोच प्रवासी गावाचं नाव ऐकून डोळा बारीक करतो आणि हळूच विचारतो, "काका, आज किसपे लगाएँ?"

तेव्हा त्या रात्री दिवा लावून मला बायकोला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तुम्हालाही सांगतो.

इंग्लंडात प्रीमियर लीग नावाची फुटबॉलची स्पर्धा असते. तिथे खरे खेळाडू खरे सामने खेळतात. आपण घरी बसून त्यांतले पंधरा 'विकत' घ्यायचे. अकरा मैदानावर, चार बाकावर. एका क्लबाचे जास्तीत जास्त तीन. आपल्या माणसाने गोल केला की आपल्याला गुण. फॉरवर्डने केला तर चार, मिडफिल्डरने केला तर पाच, डिफेंडरने केला तर सहा. म्हणजे ज्याचं जे काम नाही ते त्याने केलं, तर बक्षीस जास्त. सरकारी खात्यात अनेक वर्षं काढलेल्या माणसाला हे तत्त्व पटकन समजतं. पिवळं कार्ड मिळालं की एक गुण वजा, लाल मिळालं की तीन. चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारला की दोन वजा. अकरातल्या एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. आठवड्याला एक खेळाडू फुकटात बदलता येतो. त्यावर बदलायचा हट्ट धरला, तर प्रत्येक बदलाला चार गुण दंड. त्या रात्री गेले ते हे चार.

"आणि विकत घ्यायला पैसे कुठून आणले?"

"ते खेळच देतो. दहा कोटी पौंड."

कर्मचारी पेन्शन योजना १९९५ खाली महिन्याला किती पैसे मिळतात, हे ज्या घरांत ठाऊक आहे, त्या घरांत 'दहा कोटी पौंड' हे शब्द जपून उच्चारावेत. बायकोने एकदा पेन्शनच्या पासबुकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आणि जिंकलात तर काय मिळतं?"

"काही नाही."

ती बराच वेळ गप्प बसली. सट्टा असता तर निदान माणूस कशासाठी जागतोय हे तरी कळलं असतं, असा तिचा चेहरा झाला. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही हे इतके दिवस गुपचूप करत होता." आमच्याकडे छत्तीसगडात पाणीपुरीला गुपचूप म्हणतात. त्यामुळे या आरोपाला नेहमीच थोडी चव असते.

हे खूळ घरात आणलं माझ्या भाच्याने. तो मूळचा नागपूरचा, इथे आयआयटीत शिकतो. कुटेलाभाठ्याच्या कॅम्पसमधून दर शनिवारी मामीच्या हातचं जेवायला येतो आणि मामाच्या टीव्हीवर फुटबॉल बघतो. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने आमच्या व्हरांड्यात बसून नऊ जणांची एक लीग उघडली. तो, त्याचे चार मित्र आणि आमच्या सेक्टरातले आम्ही चार रिटायर्ड. भिलाईत चार रिटायर्ड माणसं एकत्र बसली की चार राज्यं एकत्र बसतात. कोक ओव्हनमधून निवृत्त झालेले, ईस्ट बंगालवर जीव असलेले दादा. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मलयाळी सर. क्रिकेटशिवाय दुसरा देव न मानणारे एक वर्माजी-छापाचे शेजारी. आणि भंडाऱ्याकडचा मी.

माझ्या संघाचं नाव मी ठेवलं 'महामाया एफसी'. महामाया म्हणजे आमच्या कारखान्याची आठवी ब्लास्ट फर्नेस. २०१८ साली पेटली, पोट चार हजार साठ घनमीटरचं. भाच्याला वाटलं मी देवीचं नाव घेतलं. एका अर्थी घेतलंच होतं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची अधोगती कळणार नाही. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली फर्नेस सुरू झाली, तेव्हा माझे वडील त्या गर्दीत होते. मी १९८४ ला लागलो आणि २०२० ला सुटलो. मधली छत्तीस वर्षं ब्लास्ट फर्नेसच्या कंट्रोल रूममध्ये गेली. समोर भिंतभर काटे. हवेचा दाब किती, गरम हवेचं तापमान किती, माथ्यावरचा वायू किती तापलाय, माल किती खाली उतरलाय. ठरल्या वेळी उठायचं, काटे वाचायचे, लॉगबुकात उतरवायचे आणि शेरा लिहायचा. असा माणूस रिटायर झाला की त्याचं काय होतं ठाऊक आहे? तो घरातल्या फ्रिजचं तापमान लिहून ठेवू लागतो. मी ठेवत होतो. बायकोने ते रजिस्टर रद्दीत घातलं, तेव्हा मी आतून रिकामा झालो होतो.

त्या रिकाम्या जागी भाच्याने सॉफ्टवेअर आणून बसवलं.

"मामा, खेळाच्या मूळ साइटवर तुमची रँक उशिरा समजते," तो म्हणाला. "हे बघा, हे लाइव्ह आहे." आणि त्याने लॅपटॉपवर एक पान उघडलं. माझे अकरा खेळाडू अकरा चौकटींत. प्रत्येकाखाली त्या क्षणाचे गुण. वर बेरीज. बाजूला जगातली माझी रँक, मिनिटामिनिटाला बदलणारी. वर गेली की हिरवा बाण, खाली गेली की लाल. मला भरून आलं. चार वर्षांनी पुन्हा समोर काटे हलताना दिसत होते.

मी त्याच रात्री जुन्या पेटीतून कोरं लॉगबुक काढलं.

हे सॉफ्टवेअर करतं काय, ते सांगतो. सामना चालू असताना कुणी गोल केला, कुणी पास दिला, कुणाला कार्ड मिळालं, ही माहिती ते सतत ओढत राहतं. तुमचा एखादा माणूस मैदानात उतरलाच नाही, तर बाकावरचा कोण आपोआप आत येईल, ते हिशोबात धरतं. मग बोनस. प्रत्येक सामन्यात सर्वांत चांगल्या ठरलेल्या तिघांना तीन, दोन, एक असे जादा गुण मिळतात. ते ठरतात अचूक पास, अडवलेले चेंडू, वाचवलेले गोल अशा बारीकसारीक हिशोबावर, आणि पक्के होतात सामना संपल्यावर. तोवर ते भावकीतल्या जमिनीसारखे असतात. सातबारा तुमच्या नावावर आहे असं वाटत असतं, आणि ज्याचं नावही कधी ऐकलं नाही असा कुणीतरी शेवटच्या मिनिटाला दोन चेंडू अडवतो आणि वारस म्हणून उभा राहतो.

आणि शेवटी, सॉफ्टवेअर तुमची तुलना इतरांशी करतं. हे खेळणारे जगात एक कोटीच्या वर आहेत. इथेच खरी गंमत आहे. माझ्या खेळाडूने गोल केला आणि माझी रँक घसरली, असं एका रात्री झालं. मी भाच्याला फोन लावला. सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून तक्रार केली.

"बिघडलं नाही, मामा. त्याला तुम्ही नुसतं घेतलं आहे. बाकीच्यांनी त्याला कॅप्टन करून ठेवलं आहे. तुम्हाला पाच, त्यांना दहा."

म्हणजे माझ्या मुलाला नोकरी लागली म्हणून मी पेढे वाटायला निघावं आणि शेजाऱ्याच्या मुलाला दुप्पट पगाराची लागल्याचं कळावं, तसं. आनंद कधी मानायचा हेही आता मला लॅपटॉपला विचारावं लागत होतं.

पूर्वी असं नव्हतं. हा काल्पनिक संघांचा खेळ १९६२ साली अमेरिकेत ओकलंडच्या विल्फ्रेड विंकेनबाख नावाच्या गृहस्थांनी मित्रांबरोबर रचला. तो त्यांच्याकडच्या, हातात चेंडू धरून पळण्याच्या फुटबॉलचा. सामने संपायचे, मग वर्तमानपत्र यायचं, मग कागद-पेन्सिल घेऊन कुणीतरी बेरीज करायचं. मध्ये माणसाला झोपायला, जेवायला आणि संसाराला भरपूर वेळ मिळायचा. आमच्याकडेही क्रिकेटचा स्कोअर पानठेल्यावरच्या पाटीवर खडूने लिहिलेला असायचा, आणि ठेलेवाला चुना लावण्यात गुंतला असेल तर गावसकर दहा मिनिटं त्याच धावांवर खेळत राहायचा. कुणाचं काही अडलं नाही.

प्रीमियर लीगचा आत्ताचा खेळ २००२ पासून आहे. तिथले दुपारचे सामने आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला लागतात, रात्री आठचे मध्यरात्रीनंतर साडेबाराला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडचे लोक आपली घड्याळं एक तास मागे घेतात आणि एक तास जास्त झोपतात. त्या तासाची भरपाई भिलाईत मी करतो, कारण माझा साडेबाराचा सामना दीडला जातो. छत्तीस वर्षं नाईट शिफ्ट केली. रिटायर झाल्यावर पुन्हा लागली, आणि तीही नाईट अलाउन्सशिवाय.

काही दिवसांतच माझ्या लक्षात आलं, की टीव्हीची गरजच नाही. इंटरनेटवरून येणारं सामन्याचं चित्र उशिरा पोचतं आणि मोबाइल आधी थरथरतो. पडद्यावर माझा खेळाडू अजून मध्यरेषेपाशी बुटाची नाडी बांधतोय, आणि खिशातल्या मोबाइलने सांगून टाकलेलं असतं की त्याने गोल केला. मग नाडी बांधणाऱ्या त्या बिचाऱ्याकडे मी असं बघायचो, की जणू त्याची पत्रिका माझ्या खिशात आहे. पुढे व्हिडिओ-पंच तो गोल रद्द करायचे. आधी दिलेले गुण परत. आहेर परत मागून नेणारे पाहुणे मी तेव्हाच पाहिले.

मग मी टीव्ही बंद केला आणि फक्त आकडे ठेवले.

एका सकाळी दादा दुधाची पिशवी घेऊन परतताना फाटकाशी थांबले. "काल लिव्हरपूल कैसा खेला?"

"सलाह तेरा," मी म्हणालो.

"वो नहीं. टीम कैसा खेला?"

"सलाह तेरा, व्हॅन डाइक सहा. गोलकीपर माझ्याकडे नाही."

"जीता कौन?"

आणि मला ते सांगता येईना. मी रात्री तीनपर्यंत जागलो होतो. लॉगबुकात सत्तावीस नोंदी होत्या. सामना कोण जिंकलं, हा रकानाच त्यात नव्हता. दादांनी माझ्याकडे, कोक ओव्हनच्या गॅसमध्ये सापडलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन निघून गेले.

आता त्या पहिल्या रात्रीकडे वळतो. १४ सप्टेंबर २०२४ चा शनिवार. आपल्याकडे रविवार लागला होता. बोर्नमथ विरुद्ध चेल्सी. चेल्सीचा कोल पामर माझ्या संघात होता. या सामन्यात पंचांनी १४ पिवळी कार्डं दाखवली. प्रीमियर लीगमधला तो विक्रम आहे, आणि तो मला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळला, कारण माझी नजर एकाच चौकटीवर होती. पामरच्या नावाखालचा काटा हलत नव्हता. गोल नाही, गोलाला मदत नाही. शेवटाकडे चेल्सीने एक गोल मारला, तोही दुसऱ्याने. मी दर दहा मिनिटांनी नोंद केली. 'पामर: दाब कमी.' 'पामर: दाब कमी.' 'पामर: हवा बंद?' सामना संपला तेव्हा अडीच वाजत आले होते. आठवड्याचा फुकटचा बदल मी संध्याकाळीच कुठल्याशा दुसऱ्या रागात वापरून टाकला होता. पुढच्या सामन्यांना आठवडा होता. मी तेवढा थांबलो नाही. चार गुण दंड भरून पामरला विकला आणि लॉगबुकात शेरा मारला: 'दोष दूर केला.' तेव्हाच बायको दारात उभी होती.

पुढच्या शनिवारी पामरने गोल केला. त्याच्या पुढच्या शनिवारी, २८ सप्टेंबरला, ब्रायटनविरुद्ध त्याने चार केले. चारही पहिल्या पाऊण तासात. प्रीमियर लीगच्या सामन्यात मध्यांतराआधी चार गोल तोवर कुणीच केले नव्हते. चार पंचे वीस, खेळल्याचे दोन, बोनसचे तीन. पंचवीस गुण. भाच्याच्या पायथनमध्ये लिहिलेल्या कसल्याशा प्रोग्रामने आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येक गोल होताच निरोप टाकला. चार निरोप. चौथ्यानंतर भाचा स्वयंपाकघरातून पोळी हातात घेऊनच बाहेर आला.

"मामा, पामर तुमच्याकडे होता ना?"

"होता."

"मग काहून विकला?"

पामरच्या जागी ज्याला घेतलं, त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तो भला माणूस असावा. त्याचा यात काही दोष नव्हता.

त्या रात्री मला आमचे फोरमन आठवले. ते रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली शिकलेले. मी नवा असताना काटा जरा इकडचा तिकडे झाला की माझा हात व्हॉल्व्हकडे जायचा. ते मनगट धरायचे. म्हणायचे, फर्नेसमध्ये वरून टाकलेला माल खाली पोचायला सहा-आठ तास लागतात. तू आत्ता जो काटा बघतोयस, तो सकाळच्या शिफ्टने काय केलं ते सांगतोय. तू आत्ता जे करशील, ते रात्रीच्या शिफ्टच्या काट्यावर दिसेल. मधल्या वेळात दर मिनिटाला हात लावशील, तर आपण काय केलं हे तुलाच कळणार नाही. मग ते मला खाली घेऊन जायचे, ट्यूयरच्या, म्हणजे गरम हवा आत सोडणाऱ्या नळीच्या, भोकाला निळी काच लावायचे आणि आत बघ म्हणायचे. आत उजेड सळसळत असायचा, कोक नाचत असायचा. "नाचतोय ना? मग जा, चहा पी."

मी नंतर अनेक वर्षं हेच नव्या पोरांना सांगितलं. आणि रिटायर झाल्यावर स्वतःच्या दिवाणावर बसून विसरलो. कारण कंट्रोल रूममध्ये निदान व्हॉल्व्ह तरी असतो. इथे सामना चालू असताना तुम्हाला काहीच करता येत नाही. संघ पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी कुलूपबंद होतो. नंतर नव्वद मिनिटं काटे तुमच्या डोळ्यांदेखत हलतात आणि हात मांडीवर. तो साठलेला हात सामना संपताच सुटतो, आणि जे पहिलं बटण सापडेल ते दाबतो. हे लाइव्ह गुण दाखवणारे लोक म्हणतात की आम्ही माहिती पुरवतो. माहिती पुरवतात हे खरं. खाज मात्र आपली आपल्याला खाजवावी लागते.

मॅग्नस कार्लसन हा २०२३ पर्यंतचा बुद्धिबळाचा जगज्जेता. डिसेंबर २०१९ मध्ये तो या खेळातही काही काळ सबंध जगात पहिला होता. हे मी दादांना आशेने सांगितलं. म्हटलं, बघा, हा बुद्धिवंतांचा खेळ आहे. दादा म्हणाले, "वो पहले सोचता है, फिर चलता है."

माणूस किती खाली जाऊ शकतो, ते २६ डिसेंबरला कळलं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घरात महालक्ष्मीचं उद्यापन. सेक्टरातल्या सुवासिनी हळदीकुंकवाला आलेल्या. तिकडे इंग्लंडात नाताळचा दुसरा दिवस, आणि आपल्या संध्याकाळी सहाला मँचेस्टर सिटी विरुद्ध एव्हर्टन. सिटीचा एर्लिंग हालंड मी केव्हाच विकला होता. लीगमधल्या बाकी बहुतेकांकडे तो होता, आणि भाच्याने तर त्याला कॅप्टन केलेला. बायकोने मोबाइल कपाटात ठेवायला सांगितला होता. मी तो झब्ब्याच्या खिशात ठेवला होता.

सातच्या सुमारास आरती सुरू झाली आणि खिसा थरथरला. मी तबकाच्या आडून पाहिलं. हालंडची पेनल्टी एव्हर्टनच्या पिकफर्डने अडवली होती. दोन गुण वजा, कॅप्टन असेल तर चार. माझा एकही माणूस तिथे खेळत नव्हता, तरी माझा हिरवा बाण वर गेला. मी इतक्या जोरात टाळ्या पिटू लागलो, की बायकांनी कौतुकाने वळून पाहिलं. एक काकू बायकोला म्हणाल्या, "नशीबवान आहेस गं. आमच्याकडे आरतीला बोलावून आणावं लागतं."

बायको काही बोलली नाही. तिने माझ्या खिशातला उजेड पाहिला होता. रात्री भांडी आवरताना एवढंच विचारलं, "तो मुलगा चुकला म्हणून तुम्ही देवासमोर टाळ्या वाजवल्या?" मी म्हटलं, तो आठवड्याला जे कमावतो ते आपल्याला सात जन्मांत मिळायचं नाही, त्याला काय फरक पडतो? ती म्हणाली, "त्याला नाही. तुम्हाला."

हंगाम २५ मे २०२५ ला संपला. आपल्याकडे नवतपा लागतो तो दिवस. दहा सामने एकदम, रात्री साडेआठला. मी लॉगबुकाचं शेवटचं पान भरलं आणि बेरीज केली. अडतीस आठवड्यांत दंडापोटी गेलेले गुण: शहाण्णव. म्हणजे चोवीस वेळा मी 'दोष दूर केला' होता. नऊ जणांत माझा नंबर सातवा. माझ्याखाली दोघे. एक आमचे क्रिकेटवाले शेजारी, ज्यांना शेवटपर्यंत ऑफसाइड म्हणजे ऑफ स्टंपची बाजू वाटत राहिली. दुसरा भाच्याचा मित्र, ज्याने सगळे खेळाडू जर्सीच्या रंगावरून निवडले होते.

पहिला भाचा. आणि दुसरे मलयाळी सर.

सर ऑगस्टमध्ये, संघ काढल्यावर आठवड्याभरातच, मुलीकडे त्रिशूरला गेले होते. कॅप्टन कुणाला करायचं असं भाच्याने विचारलं, तेव्हा त्यांनी मोहम्मद सलाहचं नाव सांगितलं, कारण त्यांना तेवढंच ठाऊक होतं. मग ते पासवर्ड विसरले. त्यांच्या संघाला नऊ महिने कुणी हात लावला नाही. सलाह अडतीसही सामने खेळला. एकोणतीस गोल केले, अठरा गोलांना मदत केली आणि ३४४ गुण मिळवले. या खेळाच्या इतिहासात एका हंगामात एवढे कुणीच मिळवलेले नाहीत. कॅप्टन म्हणून सरांना दुप्पट. सहाशे अठ्ठ्याऐंशी. मी अडतीस आठवडे जागून जे केलं, त्याच्यापेक्षा सरांनी विसरून जास्त केलं.

मी अभिनंदनाला त्रिशूरला फोन लावला. सर दुपारची झोप घेत होते. "कौन सा लीग?" त्यांनी विचारलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सगळे खेळ बंद. मुंबईच्या ज्या ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर होतं, त्यांनीही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि जर्सीवरून नावही गेलं. बायकोने ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली आणि आशेने चष्म्यावरून पाहिलं. "आता तुमचं बंद?"

"आमचं फुकटचं आहे. त्याला कायदा लागू नाही."

"तेच तर," ती म्हणाली. "फुकटचं दुखणं कोण बंद करणार?"

म्हणून २०२५-२६ च्या हंगामात मी ठरवून सरांची पद्धत उचलली. शहाण्या माणसाने एकदा ठेचकाळावं. संघ काढला, सलाहला कॅप्टन केलं, आणि बायकोला म्हटलं, पासवर्ड तू बदल आणि मला सांगू नकोस. तिने तो बदलला. भाच्याला बजावलं, लाइव्ह पानाचा पत्ताही माझ्यासमोर काढायचा नाही. लॉगबुक पेटीत गेलं. मी रात्री दहाला झोपू लागलो. शनिवारी दादांकडे जाऊन त्यांच्या टीव्हीवर सामना बघू लागलो, आणि दुसऱ्या दिवशी कोण जिंकलं हे मला सांगता येऊ लागलं.

आणि त्याच हंगामात सलाहचा सूर हरवला. शरद ऋतूभर त्याच्याकडून गोल मोजकेच निघाले. ३० नोव्हेंबरला वेस्ट हॅमविरुद्ध लिव्हरपूलने त्याला पूर्ण सामना बाकावर बसवलं. ते मी दादांच्या टीव्हीवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. माझा कॅप्टन, हाताची घडी घालून, माझ्यासारखाच मांडीवर हात ठेवायचं विसरलेला.

धावत घरी आलो आणि बायकोला पासवर्ड मागितला. ती म्हणाली, "मी विसरले."

प्रत्येक फर्नेस वेगळी असते, एकीची रीत दुसरीला लावू नकोस, हेही फोरमन म्हणाले होते. ते मात्र मी लॉगबुकात लिहून घेतलं नव्हतं.